वॉच माझा

नौदलात होतो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग काय, समुद्र भरपूर पाहिला असेल?" इथेच माझं डोकं फिरतं. अहो, मी इंजिनरूमवाला. समुद्र पाहायला वर साहेबलोक होते, दुर्बिणी घेऊन. आम्ही पाण्याच्या पातळीखाली, लोखंडी पेटीत, बनियनवर, घामाने निथळत. समुद्र आमच्यापासून एका पत्र्यापलीकडे होता हे खरं, पण शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे म्हणून त्याचं घर आपण पाहिलेलं असतं का?

वर काय चाललंय ते आम्हाला दोनच वाटांनी कळायचं. एक म्हणजे घंटी. टण्ण करून वाजायची आणि काटा फिरायचा: अर्धा वेग, पूर्ण वेग, थांबा, मागे. का थांबा आणि कशाला मागे, हे विचारायची सोय नव्हती. दुसरी वाट म्हणजे आचारी. एकदा आमचं जहाज दुसऱ्या जहाजाला घासता घासता वाचलं. वरचे सगळे कठड्याला धरून देवाचं नाव घेत होते म्हणे. आम्हाला ते कळलं जेवताना, तेही आचाऱ्याने वाढता वाढता सहज सांगितलं म्हणून. मी म्हटलं, "अरे, मेलो असतो की आम्ही." तो म्हणाला, "सर्वांत आधी." आणि ताटात आणखी एक डाव घातला. अर्थात आचाऱ्यांचं किती खरं मानायचं हाही प्रश्नच असतो. साखर संपली का म्हणून विचारा, संपली म्हणतील, आणि पोत्यावर बसूनच म्हणतील.

तपासणीच्या दिवसाचं तर विचारूच नका. मोठे साहेब खाली येणार म्हणून आम्ही पहाटेपासून रंग फासत बसलेलो. साहेब आले ते पांढरेशुभ्र. सगळीकडे नाक खुपसून झालं आणि ओल्या कठड्याला पाठ टेकवून त्यांनी आम्हाला स्वच्छतेवर भाषण दिलं. चांगलं लांबलचक दिलं. वर निघाले तेव्हा पाठीवर करडा पट्टा, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. नौदलात न विचारता बोलायचं नसतं.

एक गोष्ट मात्र तिथे अंगात मुरली ती मुरलीच. पाळीला आम्ही वॉच म्हणायचो. आपली वेळ संपली म्हणून कुणी जागा सोडायची नाही. बदली माणूस समोर येऊन उभा राहिला पाहिजे. मग त्याला सगळं सांगायचं, प्रेशर किती, पाणी किती, कुठला पंप कण्हतोय. सांगून झालं की म्हणायचं, "वॉच तुमचा." तो म्हणणार, "वॉच माझा." हा शब्द पडला की पुढचं बरंवाईट त्याच्या डोक्यावर. शब्द पडेपर्यंत आपण मरायला टेकलो असलो तरी उभं राहायचं. बायकोला हे कधीच पटलं नाही. ती म्हणायची, "लग्नात तरी म्हणाला होतात का, वॉच माझा?"

तिचं चुकत नव्हतं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत तिने माझं तोंड पाहिलं ते फोटोत, आणि प्रत्यक्षात पाहिली ती पाठ, खांद्यावर पिशवी टाकून निघालेली. लेक झाली तेव्हा मी खाली होतो. लेकीला दात आले तेव्हा खाली. लेक मला पहिल्यांदा "काका" म्हणाली, आणि मी हसलो, दुसरं काय करणार. निवृत्त होऊन आलो तेव्हा बायकोला वाटलं आता हा माणूस घरात बसेल. कसला बसतोय. पायाला भिंगरी. या खोलीतून त्या खोलीत, नळ तपास, बिजागरीला तेल घाल. झोपसुद्धा येईना, कारण घर शांत. इंजिनरूमवाला आवाजाने उठत नाही, आवाज थांबला की उठतो. रात्री फ्रिजचं घरघरणं बंद झालं की मी ताडकन उठून बसायचो. ती कूस बदलत म्हणायची, "फ्रिज बंद पडला की उठताय. मी बंद पडले तर उठाल की नाही, देव जाणे."

शेवटी हॉस्पिटलच्या बॉयलरवर लागलो. तळघरातला बॉयलर, त्याची वाफ चार ठिकाणी जाते: लाँड्रीत, स्वयंपाकघरात, अंघोळीच्या पाण्याला, आणि वर ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करतात तिथे. कामावर लागल्याचं सांगितलं तेव्हा बायको शिलाई मशीनवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "एकावरून उतरलात आणि दुसऱ्यावर चढलात." मशीन मात्र जरा जोरात चालवलं.

आणि मग तिच्याच पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले उघडून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. आमच्याच हॉस्पिटलात, आमच्याच डॉक्टरांकडे. मी रजा टाकली, रजा मंजूर झाली, माझ्या जागी एक पोरगेलासा बदली ठरला. आदल्या संध्याकाळी ती खाटेवर बसून केसांच्या पिना काढत होती. म्हणाली, "अहो, एक सांगते. मी डोळे उघडीन तेव्हा तुम्ही समोर पाहिजे. बाजूला नाही, दारात नाही. समोर."

"हो," म्हटलं.

"तुमचं हो मला माहीत आहे. आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही. एवढं एक करा."

मग पिना माझ्या हातात दिल्या आणि झोपली. मला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ती गेली तर काय, हा एकच प्रश्न डोक्यात घण घालत होता. मी तिच्याजवळ राहिलोच कधी नव्हतो, आणि आता राहायचं ठरवलं तर ती निघाली.

सकाळी लवकरच तिला आत नेलं. दार मिटलं, वरचा लाल दिवा लागला. लेक बाकावर बसली. मी बसलो, उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो, पाण्याच्या यंत्राची तोटी ठिबकत होती ती आवळली, परत खिडकी. "बाबा, बसा ना जरा," लेक म्हणाली. बसलो. पाय हलायला लागला, त्यासोबत बाक हलायला लागला, पलीकडे बसलेल्या बाई उठून दुसरीकडे गेल्या. वॉर्डातली नर्स जाता जाता म्हणाली, "काका, फरशी नवीन घातलीय हो, झिजवू नका." शेवटी लेकच वैतागली. "बाबा, ऑपरेशनला वेळ लागणार आहे. खाली एक चक्कर मारून या. पण लगेच या, मी एकटी आहे."

बॉयलरच्या पायऱ्या उतरलो. तेलाचा वास आला, बर्नरचा आवाज कानात भरला, आणि सकाळपासून पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. रात्रपाळी संपायची वेळ होती. रात्रपाळीला मौनीबाबा. तोही नौदलातला, दुसऱ्या जहाजावरचा. दिवसाकाठी चार शब्द बोलणार. मी रजेवर आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रोज याच वेळेला मी याच पायऱ्या उतरतो, आजही उतरलो. तो उठून उभा राहिला.

"प्रेशर ठीक. पाणी ठीक. दोन नंबरचा पंप गळतोय, खाली बादली ठेवलीय. वॉच तुमचा."

मी म्हटलं, "वॉच माझा."

शिंक यावी तसं आलं ते तोंडातून. मी प्रेशरच्या काट्याकडे बघत होतो, मौनीबाबाने डबा उचलला आणि तो मागच्या दाराने गेलासुद्धा. मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. धावलो दारापर्यंत, हाका मारल्या. त्याची सायकल फाटकाबाहेर. फोन तो बाळगत नाही, कारण फोनवर बोलावं लागतं.

तुम्ही म्हणाल, शब्दच तो, काय मोठं? द्यायचा सोडून आणि जायचं वर. अहो, चालता बॉयलर एकटा सोडत नाहीत, हे काय मी हौसेने सांगतोय? पाणी कमी झालं आणि कुणी बघितलं नाही तर काय होतं ते मी एकदा दुरून पाहिलंय, आणि तेवढं पुरे आहे. बरं, बंद करावा, तर वरची वाफ तुटणार. वर टेबलावर कोण होतं? माझीच बायको. तिच्या पोटात जाणारी अवजारं माझ्या वाफेवर. कुठूनही धरा, मी तिथेच अडकलेलो.

म्हटलं, हरकत नाही, आत्ता बदली येईल. त्या बदलीला आम्ही जावईबापू म्हणतो, कारण तो कामाला येतो ते पाहुणचाराला आल्यासारखा. उशीर त्याच्या पाचवीला पुजलेला. मी दाराकडे बघ, काट्याकडे बघ, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे बघ. बादली ओतली, परत ठेवली. जावईबापूचा पत्ता नाही. भिंतीवरच्या फोनवरून सुपरवायझरला लावला, तर साहेब मीटिंगमध्ये. कसल्या मीटिंगा घेतात सकाळी सकाळी, कुणास ठाऊक.

तेवढ्यात काटा खाली आला. बर्नर गर्जला. वाफ कुणीतरी ओढली होती. इतकी वर्षं काढल्यावर काटा मला माणसासारखा कळतो. लाँड्री ओढते ती सावकाश. अंघोळीचं पाणी थोडं थोडं ओढतं. हा एकदम गचका होता, म्हणजे वरचा, अवजारांचा. ठीक आहे, काम चाललंय. काटा परत वर चढला. मी तिथे उभा राहून काट्यातून तिचं ऑपरेशन बघत होतो. आयुष्यभर असंच. वर काय चाललंय ते आपण खालून ताडायचं.

मग बराच वेळ काही नाही. काटा आपला स्थिर. स्थिर काटा म्हणजे चांगलं लक्षण, हे मी नव्या पोरांना शिकवतो. त्या दिवशी तोच माझ्या डोक्यात जायला लागला. एवढं शांत कसं? थांबले का? उघडून बघितलं आणि परत मिटलं, तसं तर नाही? करतात म्हणे तसं, काही करण्यासारखं नसलं की. मी काट्यावर टिचकी मारली. मग चिडून हळूच एक शिवीही घातली.

आणि लगेचच काटा बदकन खाली. असा की मी आजवर त्या वेळेला पाहिलेला नाही. खाली आला आणि खालीच राहिला. लाँड्रीला फोन केला, "तुम्ही ओढताय का?" लाँड्रीवाली बाई म्हणाली, "नाही बाई, आमची मशीनं भरायचीत अजून." स्वयंपाकघराला केला. आचारी म्हणाला, "आम्ही नाही." म्हणजे वरच. म्हणजे आणखी अवजारं लागली. म्हणजे काहीतरी चुकलं, रक्त थांबेना, आणखी कापावं लागलं, काय काय मनात आलं ते सांगवत नाही. थिएटरला फोन लावला. कुणीतरी उचलला, "आत्ता काही सांगता येणार नाही," म्हणाले आणि ठेवला. मी हात जोडून त्या बॉयलरसमोर उभा राहिलो. मला देवाचं फारसं नाही, पण समोर तोच होता.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. लेक.

"बाबा, कुठे आहात तुम्ही? केव्हाची शोधतेय. मोबाइल लागत नाही तुमचा, शेवटी नर्सने हा नंबर लावून दिला."

"खालीच आहे."

"खाली म्हणजे?"

"बॉयलरवर. बदली आला नाही गं. मी चुकून..."

ती हळू आवाजात म्हणाली, "आजपण का, बाबा?" आणि फोन ठेवला. तिने ओरडायला हवं होतं. ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो, माझ्यात तेवढी धमक आहे. रिसीव्हर हातात धरून मी तसाच उभा, आणि दुसरा हात सवयीने पाण्याच्या काचेवरची धूळ पुसतोय.

मग मी सुपरवायझरला परत फोन लावला आणि असा काही आवाज चढवला की मीटिंगमधून उठून आला तो फोनवर. म्हणाला, "काका, तुम्ही तर स्वतःच आलात ना कामावर? तो पोरगा आला होता वेळेवर. दाराच्या काचेतून त्याने तुम्हाला पाहिलं. मला म्हणाला, काकांनी रजा मोडलेली दिसते, मग मी काय करू. मी म्हटलं, जा घरी."

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा जावईबापू वेळेवर आला होता, आणि मी त्याला काचेआडून परत पाठवला होता. ज्याची मी वाट बघतोय तो येऊनही गेला होता. मी फोनमध्ये काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच की ते ऐकून सुपरवायझर स्वतः जिना उतरून त्याला शोधायला पळाला.

नशिबाने पोरगा घरी गेलाच नव्हता. जिन्यावरून धापा टाकत आला, ओठांवर चहाचा ओघळ. "काका, मला काय माहीत? मी आपला स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. त्यांनी मोठं भांडं चढवलं होतं मघाशी, म्हटलं होऊ दे चहा."

"कधी चढवलं?"

"झाला की थोडा वेळ. एवढं मोठं," त्याने हात पसरून दाखवलं.

आचारी. बदकन खाली आलेला तो काटा, बायकोचं रक्त थांबेना म्हणून मी हात जोडले तो काटा, चहाचं भांडं होतं. आणि वर तोंड करून म्हणतो, आम्ही नाही. मी हसलो की रडलो मला आठवत नाही. "प्रेशर ठीक," मी म्हटलं, "पाणी ठीक. दोन नंबरचा पंप गळतोय, बादली बघ. वॉच तुझा."

त्याने ओठांवरचा चहा पुसला.

"म्हण की रे."

"काय म्हणू?"

"वॉच माझा म्हण."

"वॉच माझा," तो म्हणाला, आणि मी पायऱ्या चढायला लागलो. चढलो कसला, पळालो. लिफ्टची वाट बघवेना. या वयात दोन मजले पळत चढलो म्हणजे धाप काय लागली असेल बघा.

लाल दिवा विझला होता. बाकावर लेक नव्हती. नर्स म्हणाली, "काका, कधीच संपलं. गाठ निघाली सगळी, साधी दिसतेय म्हणाले डॉक्टर. शुद्धीवर येण्याच्या खोलीत आहेत." तिचा चेहरा मात्र मोकळा नव्हता. "तुम्ही चला आत. त्या अजून डोळे उघडत नाहीयेत."

आत पडद्यामागे खाट. तिच्या नाकाला नळी, हाताला सलाइन. चेहरा पिवळट. लेक उशाशी उभी राहून "आई, ए आई" करत होती, डोळे सुजलेले. दुसरी नर्स तिच्या गालावर हलके थोपटत होती, "आजी, उघडा बघू डोळे. ऑपरेशन झालं तुमचं." काही नाही. भूल देणारे डॉक्टर यंत्राकडे बघत कपाळ खाजवत होते. म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे. एव्हाना प्रतिसाद द्यायला हवा होता. थोडा वेळ बघू, नाहीतर..." नाहीतर काय ते त्यांनी सांगितलं नाही. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मी तेलकट हात पँटला पुसले. उशाशी जागा नव्हती, म्हणून खाटेच्या बाजूला उभा राहिलो. कसाबसा म्हणालो, "अगं, मी आलोय."

तिच्या पापण्या हलल्या, पण उघडल्या नाहीत. कोरडे ओठ सुटले. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं.

"समोर या."

मी खाटेच्या पायथ्याशी गेलो. नर्सने पडदा बाजूला घेतला. समोर उभा राहिलो, दोन्ही हात खाली सोडून, तपासणीला राहतात तसा. तेव्हा तिने डोळे उघडले. सावकाश, पण नीट उघडले.

"आई," लेक म्हणाली, "अगं, आम्ही किती घाबरलो. केव्हापासून हाका मारतोय."

"ऐकल्या," ती म्हणाली. थांबून श्वास घेतला. "मघाशी उघडले होते एकदा. हे नव्हते. म्हणून परत मिटले."

डॉक्टर खोकले आणि निघून गेले. लेक मटकन स्टुलावर बसली. मला सांगायचं होतं, मौनीबाबाचं, जावईबापूचं, चहाच्या भांड्याचं, माझी कशी चूक नव्हती ते. मी तोंड उघडलं.

"बोलू नका," ती म्हणाली. "उभे राहा जरा. बघू द्या."

उभा राहिलो. ती बघत होती. कपाळ, भुवया, गाल, हनुवटी, घाई न करता, एकेक. आमच्या उभ्या आयुष्यात तिने मला असं कधी पाहिलं नव्हतं, कारण मी कधी तेवढा वेळ थांबलोच नव्हतो. माझे डोळे वाहायला लागले तरी मी हललो नाही.

बघून झाल्यावर म्हणाली, "किती म्हातारे झालात हो तुम्ही."